पाच मात्रांची कवायत

जेनेसिस या इंग्लिश बँडच्या १९७३ सालच्या ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ या अल्बममध्ये ‘द बॅटल ऑफ एपिंग फॉरेस्ट’ नावाचं जवळजवळ बारा मिनिटांचं गाणं आहे. ते सुरू होतं दुरून. गावाबाहेरच्या रस्त्याने एखादी पलटण येत असावी तसा फिल कॉलिन्सचा स्नेअर ड्रम हळूहळू जवळ येत जातो. ऐकणाऱ्याचा पाय आपोआप ठेका धरतो. आणि ठेका अंगात भिनतोय तोवर गाणं सात मात्रांत शिरतं.

सात मात्रांवर पलटण चालू शकत नाही. माणसाला पाय दोन. पहिल्या आवर्तनात सम डाव्या पायावर पडली, तर पुढच्या आवर्तनात ती उजव्यावर येणार. रूपकात गाणाऱ्या-ऐकणाऱ्या आपल्या लोकांना सात मात्रांचं नवल नाही, पण रूपकात कुणी कवायत केल्याचं ऐकिवात नाही. गाण्याचा विषय आहे पूर्व लंडनमधल्या गुंडांच्या टोळ्यांची लढाई. संचलनाच्या थाटात सुरू झालेलं हे युद्ध पुढे पायच जुळू देत नाही, यातच त्याचं म्हणणं आलं.

प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीतात, लष्करी वळणाचा ड्रम पुन्हा पुन्हा ऐकू येतो, आणि माझ्या कानांना त्यातल्या उत्तम जागा अशाच वाटतात, जिथे हुकूम ऐकू येतो पण पाळता येत नाही. ही जाण त्या वादकांकडे कुठून आली, हे पाहायला बरंच मागे जावं लागतं.

स्नेअर ड्रम हे मुळात सैन्याचं वाद्य. पंधराव्या-सोळाव्या शतकातले स्विस भालाईत दाट चौकोन करून चालायचे. पावलं चुकली की लांब भाले एकमेकांत अडकणार, म्हणून सोबत बासरी आणि ड्रम. बाझल शहराने ती परंपरा आजही जपली आहे. तिथल्या फास्नाख्त उत्सवात पहाटे चार वाजता शहरातले दिवे मालवतात आणि अंधारात कंदिलांच्या उजेडात शेकडो ड्रम एकदम सुरू होतात. या वाद्याच्या खालच्या कातड्याला आतड्याच्या तारा ताणून लावलेल्या असत (आता बहुधा धातूच्या असतात). वरून काठी पडली की खाली तारा थरथरतात आणि तो कोरडा, चरचरीत आवाज उठतो. रणधुमाळीत तो दूरवर कळायचा.

ड्रम खांद्यावरच्या पट्ट्याला लटकवलेला, म्हणजे चालताना तो तिरका होऊन डाव्या मांडीवर टेकणार. उजवा हात वरून सरळ मारतो, पण डाव्या हाताला तिरक्या कडेवरून पोचायचं तर काठी तळहात वर करून, अंगठ्याच्या बेचक्यात धरावी लागते. शाळेच्या बँडमध्ये मी साइड ड्रम (स्नेअरचंच दुसरं नाव) वाजवायचो तेव्हा ही पकड मला निव्वळ जुनाट खोड वाटायची. प्रजासत्ताक दिनाच्या तालमीत तासभर चालून मांडीवर लाल वळ उठला, तेव्हा ती खोड नसून सोय आहे हे कळलं. पुढे ड्रम खुर्चीसमोर सपाट ठेवले गेले, तरी कित्येक वादकांचा डावा हात तसाच राहिला. रश या बँडचा ड्रमर नील पर्ट १९९४च्या सुमाराला, जगप्रसिद्ध झाल्यानंतर, फ्रेडी ग्रूबर या शिक्षकाकडे पुन्हा शिकायला गेला आणि त्याच जुन्या पकडीकडे वळला.

ड्रम चालीपुरता नव्हता, ती आज्ञेची भाषा होती. उठा, जमा व्हा, पुढे सरका, मागे फिरा, प्रत्येकाचा बोल वेगळा. लष्करी सोहळ्याला इंग्रजीत ‘टॅटू’ म्हणतात, तो शब्द डच. सतराव्या शतकात संध्याकाळी ड्रम वाजवत गुत्त्यांवरून फिरायचे, अर्थ एवढाच की पिंपाच्या तोट्या बंद करा, शिपायांना छावणीत परत पाठवा. सैन्यातून हाकलायच्या शिपायालाही ड्रमच्याच तालावर बाहेर काढत. आणि मेलेल्याला पोचवताना ड्रमवर काळं कापड घालून आवाज दाबत. हुकूम, बेअब्रू आणि शोक, तिन्ही एकाच कातड्यावर.

या वाद्यमेळात पूर्वेचा वाटा मोठा आहे. युरोपातल्या टिंपनीचा पूर्वज म्हणजे अरबांचा नक्कारा, आणि आपला नगारा हा त्याच शब्दाचा. मोठा ड्रम आणि झांजा अठराव्या शतकात ऑटोमन सुलतानाच्या जॅनिसरी शिपायांच्या पथकांकडून युरोपच्या पलटणींत गेल्या. आज रॉकच्या मंचावर सर्रास दिसणारं झिल्जियन हे झांजांचं नाव १६२३ सालच्या कॉन्स्टँटिनोपलमधल्या एका आर्मेनियन कारागिराच्या घराण्याचं आहे.

शिकवण्याची रीतही पलटणीचीच. हातांच्या ठरावीक क्रमांना ‘रुडिमेंट’ म्हणतात, आणि हा शब्द चार्ल्स ॲशवर्थच्या १८१२च्या अमेरिकन पुस्तकापासून रुळला. १९३३ साली शिकागोत वादकांनी अशा २६ क्रमांची यादी पक्की केली, पुढे १९८४मध्ये ती ४० झाली. सगळ्यांत ओळखीचा पॅराडिडल: उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. सावकाश म्हणून बघा. आठ ठोक्यांत हातांची अदलाबदल आपोआप होते, आणि जोर कुठेही द्यायची मुभा मिळते. दोन काठ्या किंचित मागेपुढे पडून एकच जाड ठोका होतो तो फ्लॅम. आणि ताशाच्या तर्रीसारखी सलग बरसात म्हणजे रोल. कोणत्याही रॉक ड्रमरचे हात उघडून पाहिले तर आत हेच सापडेल.

अमेरिकन यादवी युद्धानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रास बँड फोफावले, आणि त्यांचे वादक नाचघरांत बसून वाजवू लागले. १९०९मध्ये वाद्यं बनवणाऱ्या लुडविग बंधूंनी मोठ्या ड्रमसाठी चपळ पायपट्टी विकायला काढली आणि पलटणीतल्या तीन माणसांचं काम एका स्टुलावर आलं.

आता इंग्लंड. प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवणारी पिढी १९४०च्या दशकात आणि १९५०च्या सुरुवातीला जन्मली. बाप युद्धावरून आलेले किंवा न आलेले, शहरांत बॉम्बने पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा, सक्तीची लष्करी भरती १९६०पर्यंत चालू. मुलांना फुकट वाद्य हाती मिळायचं ते बॉइज ब्रिगेडसारख्या मुलांच्या संघटनेत नाहीतर कॅडेटच्या पथकात. द हू या बँडचा कीथ मून लहानपणी सी कॅडेटच्या बँडमध्ये बिगूल वाजवायला गेला, ते जमेना म्हणून ड्रमकडे वळला. क्रीम या बँडचा ड्रमर जिंजर बेकर एअर कॅडेटच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. हे दोघे प्रोग्रेसिव्हच्या उंबऱ्यावरचे, पण पुढच्या ड्रमरांनी कान त्यांच्याकडूनच घेतले.

रक्तात पलटण होती, तरी मोडलेली पलटण कशी वाजवायची हे त्यांना दोन जुन्या रचनांनी दाखवलं.

पहिली इंग्लिश संगीतकार गुस्ताव होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’ या रचनामालेतली ‘मार्स’, १९१४ सालची. ही पाच मात्रांची. तीन झटपट ठोके, मग दोन सुटे, मग दोन झटपट, शेवटी एक सुटा, आणि पुन्हा तेच. सुरुवातीला व्हायोलिनवाले गजाच्या लाकडी बाजूने तारांवर मारतात, त्यामुळे सूर कमी आणि हाडं आपटल्यासारखा खडखडाट जास्त. युद्धदेवतेचं संचलन आहे, पण दोन पायांच्या प्राण्यासाठी ते नाही. यंत्र चालतंय, माणूस त्याखाली. ‘द प्लॅनेट्स’चा पहिला प्रयोग लंडनमध्ये सप्टेंबर १९१८मध्ये झाला तेव्हा महायुद्ध संपायला दीड महिना होता.

दुसरी फ्रेंच संगीतकार राव्हेलची ‘बोलेरो’, १९२८, तीन मात्रांच्या एका स्पॅनिश नाचाच्या नावाची. पहिल्या महायुद्धात वर्दूनच्या आघाडीवर लष्करी ट्रक चालवलेल्या या माणसाने स्नेअरवर दोन आवर्तनांचा एकच बोल ठेवला आणि तो सुमारे पंधरा मिनिटांत १६९ वेळा वाजवायला लावला. लय बदलत नाही, फक्त आवाज वाढतो. वादकाच्या दृष्टीने हा छळ आहे. पहिला बोल कुजबुजीत आणि शेवटचा पूर्ण ताकदीत, मधे हात थरथरून चालत नाही. १९६७मध्ये जेफरसन एअरप्लेन या बँडच्या ‘व्हाइट रॅबिट’ने हीच चाल अडीच मिनिटांत बसवली आणि रॉकच्या कानांना तिची सवय लागली.

किंग क्रिम्झन हा इंग्लिश बँड १९६९मध्ये मैफलींत ‘मार्स’च वाजवत असे. मेलोट्रॉनचा (टेपवर मुद्रित केलेले सूर वाजवणाऱ्या कीबोर्डचा) धुरकट आवाज आणि खाली मायकल जाइल्सचा ड्रम. पुढच्या वर्षी ‘इन द वेक ऑफ पोसायडन’मध्ये त्यातूनच ‘द डेव्हिल्स ट्रँगल’ झालं. जाइल्सचं मोठेपण मला त्याच्या संयमात दिसतं. तो बराच काळ काहीच वाढवत नाही, भोवतालचा गोंगाट वाढत राहतो आणि ठेका तसाच राहतो, त्यामुळे भीती ठेक्याची वाटू लागते. त्याच वर्षीच्या ‘लिझर्ड’मध्ये अँडी मॅककुलकने स्नेअरवर बोलेरो धरला. तिथे युद्ध पुढे आहे, त्याआधीची उदास शांतता या ठेक्यावर तोलली आहे.

एमर्सन, लेक अँड पामरने १९७२मध्ये ‘ट्रिलॉजी’च्या शेवटी ‘अबॅडन्स बोलेरो’ ठेवला. नाव बोलेरो, पण तीनऐवजी चार मात्रांचा, म्हणजे उघड संचलनच. कार्ल पामरच्या हातांची स्वच्छता विलक्षण आहे, प्रत्येक ठोका वेगळा मोजून घ्यावा. तरी मला ही रचना क्रिम्झनइतकी पोचत नाही. तिथे सैन्य शेवटपर्यंत जिंकतच जातं.

अटलांटिकपलीकडून एक खराखुरा लष्करी वादक या घरात आला तो बिली कॉबम. पनामात जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या ड्रम कोअरमध्ये, म्हणजे कवायती ड्रमपथकात, घडलेला, १९६५ ते १९६८ अमेरिकन सैन्याच्या बँडमध्ये. १९७१मध्ये तो गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रात बसला आणि कवायतीच्या मैदानावरचे रोल नऊ आणि त्याहून वाकड्या मात्रांत ओतू लागला. मॅकलॉफ्लिन भारतीय तालांकडे ओढलेला, हा परेडचा गडी. त्या दोघांच्या मधे जे घडलं त्याने इंग्लंडमधले ड्रमर हादरले. फिल कॉलिन्स तर त्याचा उघड चाहता. एपिंगचं जंगल ऐकताना हे ध्यानात असू द्यावं.

फ्रान्समध्ये क्रिस्तियाँ व्हँडेरच्या माग्मा या बँडने उलटी वाट धरली. स्वतः बनवलेल्या कोबाइयन भाषेतले सामूहिक घोष, काळे कपडे आणि त्याखाली न थांबणारा ड्रम. १९७३च्या ‘मेकानिक डिस्ट्रुक्टिव्ह कोमांडो’मध्ये कवायत मोडत नाही, माणसांना गिळत जाते. ते थोर संगीत आहे, पण मी ते एकट्याने रात्री ऐकत नाही.

कॅमल या इंग्लिश बँडचं ‘द स्नो गूज’, १९७५, याच्या दुसऱ्या टोकाला. शब्द नाहीत, कथा १९४० साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला अडकलेल्या सैन्याची. अपंग चित्रकार आपली लहानशी होडी घेऊन अडकलेल्या शिपायांना आणायला जातो आणि परत येत नाही. ‘डंकर्क’ या तुकड्यात अँडी वॉर्डचा स्नेअर संथ चालीने चढत जातो. ही माघारीची कवायत आहे, आणि ड्रमने शोकही वाजवला जात असे हे इथे आठवतं.

१९७९च्या नोव्हेंबरात पिंक फ्लॉइडचं ‘द वॉल’ आलं. त्यातल्या ‘ब्रिंग द बॉइज बॅक होम’ साठी बँडच्या एका ड्रमरवर भागवलं नाही. जो पोर्कारोसह स्नेअर वाजवणाऱ्यांचा मोठा ताफा बसवला, वर ऑर्केस्ट्रा आणि समूहस्वर. जेमतेम दीड मिनिट. इथे मात्रा वाकड्या नाहीत, चाल अगदी सरळ आहे, आणि तिच्यावर गायलं जातं ते मुलांना घरी आणा, एवढंच. पलटणीला निघायला लावणारा ड्रम पहिल्यांदाच परत बोलावण्यासाठी वाजला, असं मला हे ऐकताना दर वेळी वाटतं. मग सगळं एकदम तुटतं आणि माणसांचे सुटे आवाज उरतात.

१९८२ साली फॉकलंडचं युद्ध झालं. पुढच्या वर्षी मॅरिलियन या बँडने पहिल्या अल्बमच्या शेवटी ‘फरगॉटन सन्स’ ठेवलं, उत्तर आयर्लंडमध्ये पाठवलेल्या पोरसवदा शिपायांबद्दल. आणि त्याच वर्षी पिंक फ्लॉइडचं ‘द फायनल कट’ निघालं, त्यावर अर्पण होतं: एरिक फ्लेचर वॉटर्स, १९१३–१९४४. बँडमधल्या रॉजर वॉटर्सचे वडील. फेब्रुवारी १९४४मध्ये ते इटलीत अँझिओला पडले, तेव्हा रॉजर पाच महिन्यांचा होता. त्यांचा देह मिळाला नाही. कासिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे.