गोकाकची गिरणी आणि १८८७चा वाद

पाऊस लागला की निपाणी, चिकोडी, बेळगावहून गोकाकच्या धबधब्याला गर्दी लोटते आणि जुना वाद पुन्हा वर येतो : देशातली पहिली जलविद्युत १८८७ साली इथेच तयार झाली का?

घटप्रभा नदी इथे ५२ मीटर खाली कोसळते. काठावर चालुक्यकालीन मंदिरं आहेत, म्हणजे जागा फार जुनी; पण पडत्या पाण्याला कामाला जुंपायचं डोकं लढवलं गेलं ते १८८०च्या दशकात. धारवाड-बेळगावच्या काळ्या रानात कापूस भरपूर, कोळसा मात्र लांबून आणायचा. दर सेकंदाला एक घनमीटर पाणी इतक्या उंचीवरून आलं, तर हिशेबाने पाचशे किलोवॅटच्या वर ताकद होते, तीही कोळशाशिवाय. म्हणून सूतगिरणी थेट धबधब्याला लागून उभी राहिली.

आता वादाकडे. पाणी वापरलं गेलं यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की त्या पाण्याने काय फिरवलं? त्या काळच्या गिरणीत टर्बाइनची किंवा इंजिनाची गती दोर, पट्टे, कप्प्या आणि लांबलचक शाफ्टवरून थेट चात्यांपर्यंत (सूत कातणाऱ्या फिरत्या दांड्यांपर्यंत) जायची. मध्ये वीज लागतच नसे. गिरणीला पुढे सोयीची ठरलेली एसी (उलटसुलट वाहणाऱ्या विजेवरची) मोटर १८८७मध्ये बाजारात नव्हतीच. तिची शोधक निकोला टेस्लाची पेटंटं १८८८ची, आणि लांबवर वीज नेण्याचा गाजलेला जर्मन प्रयोग १८९१चा. डायनामोवर, म्हणजे फिरवलं की वीज देणाऱ्या यंत्रावर, दिवे लावणं मात्र सहज शक्य होतं. अमेरिकेत ॲपलटनला पाण्यावरच्या विजेचे दिवे १८८२लाच लागले होते. तेव्हा गोकाकला दिवे लागले असतील, पण चात्या फिरल्या त्या पाण्याच्या थेट जोरावर, असंच मला पटतं. आणि यात कमीपणा कसला? विजेची वाट न पाहता नदीकडून सूत कातून घेणं हेच या जागेचं खरं कसब. ‘पहिली वीज’ या मानासाठी भांडताना आपण नेमकं तेच विसरतो.

गावाला दिवे पुरवणारं देशातलं पहिलं जलविद्युत केंद्र म्हणून मान मिळतो तो दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंगला : १० नोव्हेंबर १८९७, क्षमता १३० किलोवॅट. कावेरीवरचं शिवनसमुद्रचं वीजकेंद्र १९०२चं. मुंबईच्या गिरण्यांना खोपोलीची वीज मिळाली ती १९१५मध्ये. म्हणजे गोकाकची गिरणी पाण्यावर चालू लागल्यानंतर पाव शतकाहून जास्त काळ गेला होता.

धबधब्यावरचा झुलता पूल त्याच गिरणीच्या जमान्यातला. लांबी सुमारे २०० मीटर, खालच्या खडकापासून उंची जेमतेम १४ मीटर. नदीवर आधी वरच्या अंगाला धुपदाळचा बंधारा झाला, स्वातंत्र्यानंतर हिडकलचं धरण. कालव्यांनी उसाला पाणी दिलं, पण धबधब्याचा ओघ तेव्हापासून धरणाच्या हातात गेला. जुलै-ऑगस्टमध्ये हिडकल भरून पाणी सोडलं, तरच कड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पाणी कोसळताना दिसतं.