आवृत्ती की पुनर्मुद्रण? नव्या कव्हरला भुलण्याआधी

मागच्या दिवाळीत भाचा कोल्हापुरातल्या दसरा चौकातून, शाहू स्मारकातल्या पुस्तक प्रदर्शनातून थेट आमच्या घरी आला. "मामा, धारपांचं नवीन आलंय! कव्हर बघा, नाद खुळा!" पिशवीतून काळंभोर, चकचकीत पुस्तक निघालं. भयकथाकार नारायण धारप तर २००८ सालीच गेले. मी काही न बोलता माळ्यावरची ट्रंक खाली घेतली. तीच कादंबरी, पिवळी पानं, कण्याला खाकी कागदाची पट्टी. पोराचं तोंड एवढंसं झालं. "पण ह्याच्यावर नवी आवृत्ती असं लिहिलंय की!" लिहिलं होतंच. दुकानदार खोटं बोलला नव्हता आणि पोरगाही चुकला नव्हता. घोळ त्या शब्दात आहे.

पुस्तकाच्या मजकुरात बदल झाला, म्हणजे लेखकानं प्रकरण नव्यानं लिहिलं, संपादकानं गाळलेला भाग परत घातला, प्रस्तावना किंवा टिपा आल्या, तर ती नवी आवृत्ती. आधीचाच मजकूर पुन्हा छापला तर ते पुनर्मुद्रण, मग कव्हर कितीही रक्ताळलेलं असो. मराठीत मात्र हजार प्रती संपल्या, पुन्हा हजार काढल्या की झाली 'दुसरी आवृत्ती'. अशी 'अकरावी आवृत्ती' मिरवणारी पुस्तकं बहुतेकदा दहा वेळा पुनर्मुद्रित झालेली पहिली आवृत्तीच असतात.

हा शब्द असा सैल का झाला, याबद्दल माझा एक अंदाज आहे. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा फर्मा, म्हणजे एका वेळी छापायची पानं, छापून झाला की खिळे सोडवून पुन्हा खणांत जायचे. पुढच्या खेपेला सगळी जुळणी पहिल्यापासून. नवी जुळणी म्हणजे नवी प्रुफं (तपासायची कच्ची छपाई), आणि प्रुफं हातात आली की लेखक चार ओळी बदलणारच. त्यामुळे तेव्हाची दुसरी छपाई खरोखरच थोडीफार वेगळी निघायची. आता फाइल संगणकात पडून असते, दोनशे प्रती हव्यात तर दोनशे निघतात. काम बदललं, शब्द तोच राहिला.

एखाद्या कौटुंबिक कादंबरीत हा फरक फारसा जाणवणार नाही. भयकथा, विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांत मात्र तो गोष्टच फिरवू शकतो. टोल्कीनच्या 'द हॉबिट'चं उदाहरण घ्या. १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम हा गुहेतला प्राणी नायक बिल्बोशी लावलेल्या कोड्यांच्या पैजेत हरल्यावर अंगठी बक्षीस द्यायला निघतो, ती सापडत नाही म्हणून चक्क माफी मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. नंतर त्या अंगठीवर पुढची मोठी कथा उभी राहिली आणि असा सभ्य गॉलम चालेना. टोल्कीननं १९४७ मध्ये ते प्रकरण नव्या रूपात लिहून प्रकाशकाकडे नुसतं नमुना म्हणून धाडलं. प्रकाशकानं ती दुरुस्तीच समजली आणि १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीत छापून टाकली! आज आपण वाचतो तो चोर-चोर म्हणून किंचाळणारा गॉलम तिथला. टोल्कीनही वस्ताद. जुनी हकिगत म्हणजे बिल्बोनं स्वतःच्या सोयीनं सांगितलेली थाप, असं त्यानं पुढच्या कथेत जुळवून घेतलं. आवृत्तीतला फरक कथेतच जिरवणं याहून सुंदर मी तरी पाहिलेलं नाही.

मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'चंही तसंच. १८१८ ची पहिली आवृत्ती बिननावाची, पाचशे प्रतींची. तिच्यात एलिझाबेथ ही नायकाची आतेबहीण. १८३१ च्या सुधारित आवृत्तीत ती बाहेरून आणलेली अनाथ मुलगी होते आणि लेखिकेची प्रस्तावना जोडली जाते. म्हणून या कादंबरीचा नवा मराठी अनुवाद कुणी दाखवला, तर तो कुठल्या आवृत्तीच्या मजकुरावरून केलाय हे मी आधी विचारतो. बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही.

स्टीफन किंगच्या 'द स्टँड'बद्दल मात्र माझं मत जरा तिखट आहे. १९७८ साली पुस्तक फार जाड होतंय म्हणून बराच मजकूर कापला गेला होता, तो १९९० मध्ये परत आला. चांगलं झालं. पण त्याबरोबर कथेचा काळही १९८० वरून १९९० वर ढकलला. हे मला पटत नाही. विज्ञानकथा आणि भयकथा या आपापल्या काळाच्या भीतीतून येतात. जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा विज्ञानकथासंग्रह १९७९ चा. उद्या कुणी शहाण्यानं त्यातल्या कथांत मोबाइल घातला तर मी ती प्रत फुकट मिळाली तरी घेणार नाही. (नारळीकरांचा जन्म कोल्हापुरातला, १९३८ चा. आम्ही गाववाले जरा जास्तच हळवे, हे मान्य.)

उलटी फसगतही होते. बाहेरून पुनर्मुद्रण, आत गुपचूप बदललेला मजकूर. रे ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१'ची १९६७ मध्ये शाळांसाठी एक प्रत निघाली. तिच्यात शिव्या वगैरे काढून टाकल्या होत्या, पण काढल्याचं कुठेही लिहिलं नव्हतं. पुढे काही वर्षं सर्वसामान्य वाचकांनाही तोच सोवळा मजकूर विकला जात होता. वाचकांकडून ब्रॅडबरीच्या कानावर गेलं तेव्हा त्यानं मूळ मजकूर परत आणवला. पुस्तकं जाळणाऱ्या सरकारवरची कादंबरी, आणि कात्री तिलाच!

आपल्याकडे एवढी नाट्यं होत नाहीत, पण बारीक बदल पुष्कळ होतात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ पासूनचे. त्याआधीच्या प्रतीत 'घरांत', 'कांही' असे अनुस्वार दिसतात, नवीन जुळणीत ते गळतात. दुसरा धोका जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना किंवा स्कॅन करून अक्षरं ओळखून घेताना. रफार उडतो, काना गळतो. एक काना गळाला की पडका वाडा पडका वडा होतो, आणि भीती तिथंच संपते. मुद्रितशोधन न करता घाईनं काढलेल्या पुनर्मुद्रणापेक्षा ट्रंकेतली पिवळी प्रत कितीतरी बरी.

मग ओळखायचं कसं? पुढचं कव्हर, मागचा ब्लर्ब आणि फेसबुकवरची जाहिरात हे तिन्ही सोडा. शीर्षकपानाच्या पाठीमागे बारीक टाइपात प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, आवृत्त्यांची सालं असतात, ते पान वाचा. तिथं 'सुधारित', 'संवर्धित' किंवा 'संपादित' असं काही असेल तर आशा आहे. नुसतीच सालांची उतरंड असेल तर पुनर्मुद्रण समजा. इंग्रजी पुस्तकात त्याच पानावर १० पासून १ पर्यंत आकड्यांची ओळ असते, तिच्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे कितवी छपाई ते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, तोही कामाला येतो. नव्या आवृत्तीला नवा क्रमांक घ्यावा लागतो, पुनर्मुद्रणाला जुनाच चालतो. पण त्यावर विसंबू नका. तोच मजकूर दुसऱ्या प्रकाशकानं काढला किंवा पुठ्ठा बांधणीचा पेपरबॅक केला तरी क्रमांक बदलतो. आणि १३ आकडी क्रमांक २००७ पासूनचा, त्यामुळे जुन्या प्रतीशी ताडायला गेलात तर आकडे जसेच्या तसे जुळणार नाहीत.

एकाच पुस्तकाच्या पाच-सहा 'नव्या आवृत्त्या' दुकानात दिसल्या तर लेखकाच्या मृत्यूचं साल बघा. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. जुने कादंबरीकार नाथमाधव १९२८ साली गेले, म्हणून त्यांची 'वीरधवल' कुणीही छापू शकतो. धारपांचे हक्क २०६८ अखेरपर्यंत वारसांकडे, तिथं परवानगी लागते.

जुनी प्रत घरी नसेल तर ताडायला वाचनालय आहेच. आमच्याकडे १८५० साली सुरू झालेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे. भाच्याला घेऊन अशाच एका वाचनालयात दोन प्रती शेजारी ठेवून बसलो. तीन प्रकरणं ताडली. फरक एकच, जुन्यातली एक छपाईची चूक नव्यात सुधारली होती. पोरगं तेवढ्यावर खूश. पैसे अगदीच वाया गेले नाहीत म्हणाला.

आता मी महाद्वार रोडवरच्या दुकानात फोन करून नवीन भयकथा आलीय का विचारतो, तेव्हा पलीकडून आधी उसासा येतो, मग पानं उलटल्याचा आवाज. "थांबा काका, मागचं पान वाचतो."