मामांचा म्हातारा कॉम्प्युटर आणि अहिराणीतला ‘ऱ्हा’

अमळनेरहून मामांचा फोन आला की विषय दोनच, एकतर पाऊस नाहीतर कॉम्प्युटर, आणि मे महिन्यात पावसाचा विषय नसतो. मामा रिटायर्ड मास्तर. जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, म्हणी असं अहिराणीतलं बरंच काही त्यांनी वह्यांमध्ये लिहून ठेवलंय, ते आता टाईप करून नीट छापायचंय. मशीन २०१० मध्ये घेतलेलं, आत २ जीबी रॅम, १६० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क आणि विंडोज ७. फोनवर म्हणे, "भाचा, हाई डबडं आते म्हतारं व्हई गयं. कोनतं सॉफ्टवेअर टाकू ते सांग." गावातल्या एकाने तर नवीनच घ्या म्हणून कोटेशन पण देऊन टाकलं होतं.

रविवारी सुरत लाईनची गाडी पकडून गेलो. (ज्या गावात १९४५ साली तेल-तुपाची कंपनी निघाली आणि तीच पुढे विप्रो झाली त्या गावात माणूस टायपिंगसाठी अडून बसतो, हे काय मला बरोबर वाटेना.)

तर प्रश्न होता सॉफ्टवेअर कोणतं. माझं म्हणणं असं की तो प्रश्न नंतरचा, आधी मशीन कशात अडकतंय ते बघा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात मेमरीचा आकडा दिसतो. मामांनी अजून एक अक्षर टाईप केलेलं नाही आणि मेमरी ९० टक्क्यांच्या वर भरलेली! कारण मशीन चालू होतानाच अँटीव्हायरस, प्रिंटरचा मदतनीस, कुठल्यातरी जुन्या मोबाईलचं सॉफ्टवेअर असे सात-आठ पाहुणे आत येऊन बसलेले, आणि बोलावलेलं कोणी नाही.

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळ्यावरची कोठी. काम सगळं ओट्यावरच होतं. ओटा भरला की विंडोज काय करतं, त्यातलं सध्या न लागणारं सामान उचलून माळ्यावर ठेवतं आणि लागलं की परत खाली आणतं, याला स्वॅपिंग म्हणतात. आता रॅममधून एखादी गोष्ट काढायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, आणि फिरणाऱ्या डिस्कवरून काढायला १० मिलिसेकंदांच्या आसपास, कारण ती तबकडी खरोखरची फिरते, मिनिटाला ७२०० फेरे, आणि हवी ती जागा सुईखाली यायची वाट बघावी लागते. म्हणजे फरक लाख पटीचा. ओट्यावरून मीठ घ्यायला एक सेकंद लागत असेल तर माळ्यावरून आणायला सत्तावीस-अठ्ठावीस तास. टायपिंग करताना अक्षर अडकून अडकून उमटतं ना, तेव्हा बिचारं मशीन शिडीवर असतं.

दुसऱ्यांदा तेच सॉफ्टवेअर उघडलं की पटकन उघडतं हे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. जादू काही नाही, पहिल्यांदा माळ्यावरून आणलेलं सामान ओट्यावर जागा असेल तोवर विंडोज तिथेच राहू देतं. जागा नसेल तर दुसऱ्यांदा पण शिडी. म्हणून ‘अमुक सॉफ्टवेअर स्लो आहे’ असं कोणी म्हणालं की मी आधी रॅम विचारतो.

बरं, लिहायचं तरी किती असतं? युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला ठरलेला नंबर देणारी पद्धत, आणि यूटीएफ-८ म्हणजे ते नंबर फाईलमध्ये साठवायची रीत, तिच्यात देवनागरीचं एक चिन्ह ३ बाईट खातं. पानाला १८०० चिन्हं धरली तर एक पान साडेपाच केबीच्या आत, आणि मामांचं दोनशे पानांचं पुस्तक जेमतेम १.१ एमबी. मोबाईलवर आलेला एक गुड मॉर्निंगचा व्हिडिओ यापेक्षा जड असतो. १९७४ मध्ये अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या लॅबमध्ये (हो, तेच झेरॉक्स, आपल्याकडे ज्याचं नाव कोपऱ्यावरच्या दुकानाला पडलं) ब्राव्हो नावाचा वर्ड प्रोसेसर बनला, पडद्यावर दिसेल तसंच कागदावर छापणारा, आणि तो ज्या अल्टो मशीनवर चालायचा त्यात मुळात १२८ केबी मेमरी होती. मामांच्या ‘डबड्यात’ तिच्या १६ हजार पटीपेक्षा जास्त आहे. ब्राव्हो बनवणाऱ्यांपैकी चार्ल्स सिमोन्यी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये वर्ड आलं.

मग एवढी जागा खातं कोण? मजकूर नाही खात. खातात त्याच्या आजूबाजूच्या गोष्टी, चकचकीत मेनू, शेकडो फॉन्ट, स्पेलचेक, आणि सगळ्यात मोठा चोर म्हणजे फोटो. मामांना प्रत्येक गाणं सांगणाऱ्या आजीबाईंचा फोटो टाकायचा होता. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो फाईल म्हणून ३-४ एमबी दिसतो कारण तो दाबून बसवलेला असतो. पडद्यावर दाखवायचा तर तो उलगडावा लागतो, ४००० गुणिले ३००० म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, प्रत्येकाला ४ बाईट, झाले ४८ एमबी. असे आठ फोटो उलगडले की पावणेचारशे एमबीच्या वर, आणि २ जीबीच्या ओट्यावर उरलं काय? तोच फोटो आधी १४०० ठिपके रुंद करून घेतला तर ६ एमबीच्या आत येतो आणि पुस्तकाच्या पानाएवढ्या छपाईत डोळ्याला फरक कळत नाही. सॉफ्टवेअर बदलण्याआधी एवढं केलं तरी निम्मी तक्रार जाते.

आता खरा मराठीचा मुद्दा. हलकं सॉफ्टवेअर पाहिजे म्हणून कुठलंही टाकून चालत नाही, कारण देवनागरी लिहायला नुसती अक्षरं एकापुढे एक मांडून भागत नाही. ‘कि’ लिहिलं तर मेमरीत आधी क आणि मग वेलांटी असते, पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ‘सूर्य’मधला र डोक्यावर चढतो, ‘चक्र’मधला पोटात जातो, आणि आपल्या मराठीत अजून एक आहे, ‘दुसऱ्या’मधला तो पापणीसारखा अर्धा र. अहिराणीत तर त्याच्याशिवाय पान हलत नाही, ‘काय करी ऱ्हायना’ (काय करतोय) हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा येतं. त्यातला ‘ऱ्हा’ म्हणजे आपल्याला एक अक्षर, मशीनला चार चिन्हं, नुक्तेवाला (खाली टिंब असलेला) ऱ, हलन्त, ह आणि काना, १२ बाईट. नुक्त्याचा ऱ सोडून साधा र घेतला की रफार होऊन ‘र्हा’ उमटतो आणि मामांच्या कपाळावर आठ्या.

ही जोडाजोडी करणारा सॉफ्टवेअरमधला एक वेगळा भाग असतो, त्याला शेपिंग इंजिन म्हणतात. लिब्रे ऑफिस या वर्डसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आवृत्ती ५.३ पासून, म्हणजे २०१७ पासून, सगळीकडे हार्फबझ नावाचं इंजिन हे काम करतं, नाव फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर, आपण ‘हर्फ’ ऐकलेला असतो जुन्या गाण्यांमधून. विंडोजचं स्वतःचं जुनं इंजिन युनिस्क्राईब, ते पण विंडोज ७ वर देवनागरी बरं जमवतं. फुकटात मिळणाऱ्या काही छोट्या एडिटरमध्ये मात्र हे सगळं अर्धवट असतं आणि वेलांटी भलतीकडेच लटकते. माझी परीक्षा सोपी आहे, नवीन काही टाकलं की ‘करी ऱ्हायना, सूर्य, चक्र, किल्ली’ एवढं टाईप करायचं, एकही चुकलं तर ते सॉफ्टवेअर कितीही हलकं असो, काढून टाकायचं.

जुन्या फाईलींचं अजून एक दुखणं निघालं. मामांनी पंधरा वर्षांपूर्वी एका टायपिस्टकडून चाळीसेक पानं करून घेतलेली, ती उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. ते युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमधलं होतं, जिथे मशीनच्या दृष्टीने मजकूर इंग्रजीच असतो, फक्त त्या फॉन्टने प्रत्येक इंग्रजी अक्षराला देवनागरी आकाराचा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. कन्व्हर्टरने बरंच परत आलं, उरलेलं हाताने.

पर्यायांचं थोडक्यात सांगतो. विंडोज ७ मध्ये वर्डपॅड आधीपासूनच असतो, लोक त्याला विचारत नाहीत, पण तो युनिकोड मराठी दाखवतो, वर्डच्या (.docx) आणि लिब्रे ऑफिसच्या (ओडीटी) दोन्ही प्रकारच्या फाईली उघडतो आणि मशीनवर भार जवळजवळ शून्य. तळटीप, पानावरचं हेडर वगैरे त्याच्यात नाही, म्हणजे पत्र-अर्जाला उत्तम, पुस्तकाला तोकडा. (नवीन विंडोज ११ मधून तर २०२४ मध्ये तो काढूनच टाकला.) नोटपॅडमध्ये मराठी लिहिणार असाल तर सेव्ह करताना एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडा, विंडोज ७ चा नोटपॅड आपणहून ‘अँसी’ ही जुनी पद्धत धरतो, इशारा देतो, आपण घाईत ओके दाबतो आणि दुसऱ्या दिवशी फाईलमध्ये नुसती प्रश्नचिन्हं, तीही परत न येणारी. जुनं लायसनचं वर्ड २००७ असेल तर ते २ जीबीत आरामात चालतं, फक्त त्याचे सुरक्षेचे अपडेट २०१७ मध्येच बंद झालेत, त्यामुळे बाहेरून आलेली फाईल त्यात उघडताना जपून.

गुगल डॉक्सवर माझा जीव आहे, मराठीत बोलून टाईप करता येतं, पण म्हाताऱ्या मशीनवर ते नको. ते ब्राउझरमध्ये चालतं आणि ब्राउझर स्वतःच भस्म्या रोग झाल्यासारखा रॅम खातो, शिवाय क्रोमची १०९ ही विंडोज ७ वरची शेवटची आवृत्ती. मामांच्या मशीनवर तर वेबसाईटच उघडेनात, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून. इंटरनेटवाल्याला दोनदा बोलावून झालेलं. बघितलं तर घड्याळात २०१० साल! मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. प्रत्येक सुरक्षित वेबसाईटच्या सर्टिफिकेटला ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते, आणि २०१० मध्ये बसलेल्या मशीनला ती सगळी सर्टिफिकेटं अजून सुरूच न झालेली वाटतात. नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडे सीआर२०३२ मिळाला, काम झालं.

शेवटी लिब्रे ऑफिसवर आलो. फुकट आहे, २०१० मध्ये ओपन ऑफिसपासून वेगळं निघालं, आणि त्याचा ओडीटी हा फाईलीचा प्रकार आंतरराष्ट्रीय मानक आहे, उद्या दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्येही उघडेल. एक अडचण, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली २५.८ आवृत्ती विंडोज ७ वर चालत नाही, त्याआधीची २५.२ चालते, तीच मुद्दाम शोधून घ्यावी लागते. ऑप्शन्समध्ये जाऊन जावा नावाचा जोडीचा भाग बंद केला, लिहायला तो लागत नाही. ऑटोरिकव्हरीची, म्हणजे काम आपोआप वाचवून ठेवायची, वेळ कमी करून ३ मिनिटांवर आणली, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल ते लाईटला पण माहीत नसतं. प्रेसवाल्याला द्यायची फाईल पीडीएफ करूनच द्या, वर्डची .docx फाईल इकडून तिकडे जाताना तक्ते थोडे हलतात.

आणि मशीनवर खर्च केला, नवीन कॉम्प्युटरच्या मानाने किरकोळ. फिरणारी डिस्क काढून एसएसडी टाकली, तिच्यात फिरणारं काहीच नाही त्यामुळे माळ्याची शिडी एकदम छोटी झाली, आणि २ जीबी रॅम वाढवली. डबा उघडला तर पंख्यावर धुळीची गोधडी. ४५ अंशांच्या मे महिन्यात प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून तो आपला वेग स्वतःच कमी करतो, म्हणजे निम्मा स्लोपणा त्या गोधडीचाच असावा. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० पासून बंद आहेत म्हणून इंटरनेटची वायर मी काढूनच ठेवली. विंडोजऐवजी लिनक्स टाकायचा विचार होता, पण पंधरा वर्षं सवय झालेला स्टार्टचा गोल बदलायला मामा तयार नाहीत, आणि पंच्याहत्तरीच्या माणसाशी मी त्यावर वाद घालत नाही.

संध्याकाळी मामी शेवभाजीला बोलावत होत्या तरी मामा उठेनात. पहिलीच ओवी टाईप केली आणि हाक मारली, "हाई समदं लाल काब्र करी ऱ्हायनं?" प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ. स्पेलचेक करतं काय, शब्द मूळ आणि प्रत्यय असा तोडून आपल्या मराठी यादीत शोधतं, नाही सापडला की रेघ, आणि त्या यादीत ‘काब्र’ कुठून असणार. बंद करून देतो म्हणालो, तेवढंच मशीनला हलकं. मामांनी हात धरला. राईट क्लिक केल्यावर ‘शब्दकोशात टाका’ असं येतं ते त्यांनी वाचलं होतं. ती स्वतःची यादी म्हणजे एक साधी मजकुराची फाईल असते, पेनड्राइव्हवर मावते, दुसऱ्या मशीनवर नेता येते, हे सांगितल्यावर तर ते ओव्या सोडून तिलाच लागले. काल फोन केला तर पुस्तकाची सहा पानं झाली होती आणि यादीत चारशे अकरा शब्द.