टूथपेस्टने गाडीवरचा ओरखडा भरतो का?

व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरणारा सल्ला: गाडीवर ओरखडा आला की टूथपेस्ट चोळा, तो भरून निघतो. भरत काहीच नाही. पेस्टमध्ये दात घासण्यासाठी सिलिका किंवा चुनखडीची बारीक पूड असते. ती वरचा थर घासून काढते, इतकंच.

आजच्या गाड्यांवर पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट असतो. हा थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक. ओरखडा फक्त त्यातच असेल तर कडा घासल्या गेल्याने तो दिसेनासा होतो. सल्ला टिकून राहिला तो यामुळेच. पण चोळाल तितका थर कमी होतो आणि चमकही मंदावते. अशा वरवरच्या ओरखड्यासाठी रबिंग कंपाउंड (गाडीच्या रंगासाठीच बनवलेली घासायची पेस्ट) आणि मग पॉलिश बरं, तेही हलक्या हाताने, गाडी धुतल्यावर, सावलीत.

नख फिरवून बघा. अडकलं तर ओरखडा खोल आहे, तिथे चोळून उपयोग नाही. पत्रा उघडा पडला असेल तर टच-अप रंग लगेच लावा, नाहीतर कोकणातल्या पावसाळ्यात गंज धरायला वेळ लागत नाही. रंगाचा कोड बहुतेकदा दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर सापडतो. नुसता ‘पांढरा’ मागू नका; पांढऱ्याच्याही बऱ्याच छटा असतात.