बॅटरीवरील फवारणी पंप मध्येच बंद पडत असल्यास

पाठीवरचा १२ व्होल्टचा पंप दोन सऱ्या व्यवस्थित चालतो, मग अचानक थांबतो, हलवला की पुन्हा सुरू होतो आणि आमच्या दुकानात आणल्यावर मात्र अर्धा तास न थांबता चालतो, अशी तक्रार हंगामात आमच्याकडे सतत येते. असे बहुतेक ग्राहक बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर लावून, १२.६ व्होल्टचा आकडा पाहून, ‘बॅटरी ठीक आहे, म्हणजे मोटर गेली’ असे ठरवून येतात आणि नवी मोटर मागतात.

हे मोजमाप मोटर बंद असताना घेतलेले असते, आणि सगळा वेळ व खर्च तिथेच वाया जातो. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. त्यामुळे गंजलेल्या टर्मिनलच्या पलीकडेही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मोटर मात्र चालताना दोन-अडीच अँपिअर ओढते. सांध्यात केवळ १ ओहम रोध असला, तरी अडीच अँपिअरला अडीच व्होल्ट तिथेच खर्च होतात, सांधा तापतो, सैल होतो आणि पंप थांबतो.

म्हणून टाकीत फक्त साधे पाणी भरून, रेग्युलेटर पूर्ण वेगावर ठेवून, ट्रिगर दाबलेला असतानाच मोजावे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरे मोटरच्या धन तारेवर धरल्यास चांगल्या जोडणीत आकडा अगदी थोडा, एखाद-दुसऱ्या दशांश व्होल्टचा येतो. मग फ्यूज, स्विच आणि प्रत्येक लग (तारेच्या टोकाचा धातूचा जोड) एकेक करून हलवत जावे. ज्या ठिकाणी आकडा उडी मारतो, तिथे दोष आहे. ऋण तारेचीही तशीच तपासणी करावी. पंप थांबलेल्या क्षणी थेट मोटरच्या टोकांवर पूर्ण व्होल्टेज मिळत असेल, तरच मोटरचा, बहुधा झिजलेल्या कार्बन ब्रशचा, संशय घ्यावा. नोझल किंवा लान्सची (फवारणीच्या दांडीची) जाळी तुंबली, तर दाब वाढून प्रेशर स्विच मोटरचा वीजपुरवठा तोडतो आणि पंप धक्के देत चालतो. तो विजेचा दोष नव्हे, जाळी धुतली की तो जातो.

प्रेशर स्विचच्या दोन्ही तारा एकमेकींना थेट जोडून पंप चालू केलेला आम्ही वारंवार पाहतो. कृपया असे करू नये. ट्रिगर सोडल्यावरही मोटर दाब देत राहते, मग नळी निसटते किंवा मोटर तापते. जास्त अँपिअरचा फ्यूजही बसवू नये.

आम्ही सुटी मोटर तपासून देत नाही, संपूर्ण पंप बॅटरी, चार्जर व लान्ससह मागतो, याचा काही ग्राहकांना राग येतो. परंतु दोष जोडणीत असताना मोटर विकणे आम्हाला योग्य वाटत नाही. तारा नव्याने पिळून त्यावर टेप गुंडाळून पंप आणू नये, कारण मूळ खूण त्यातच झाकली जाते. तो थांबला त्या अवस्थेत आणावा, फक्त टाकी रिकामी करून धुतलेली असावी.

ताम्रयुक्त बुरशीनाशके फवारणाऱ्यांच्या पंपात टर्मिनलवर हिरवा थर लवकर जमतो. अशा पंपांसाठी आम्ही तारेवर क्रिम्प करून (दाबून घट्ट बसवून) सोल्डर केलेल्या लगचा वायर-संच ठेवतो; तो बसवताना टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावून देतो आणि पंप ग्राहकांसमोर पाण्यावर चालवून मीटरचा आकडा दाखवतो.