विधान परिषदेने बिल फेटाळलं की कायदा मेला? नाही हो

दर अधिवेशनात हा मेसेज फिरतोच, की वरच्या सभागृहात (म्हणजे विधान परिषदेत) सरकारकडे बहुमत नाही म्हणजे बिल अडकलं, आता दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावून मतदान घ्यावं लागणार. हे संसदेचं आहे, राज्याचं नाही! लोकसभा-राज्यसभेचं जमलं नाही तर संयुक्त बैठक घेता येते, पण राज्यात तशी सोयच नाहीये. (अधिवेशनाच्या सुरुवातीला राज्यपाल दोघांसमोर भाषण करतात ते वेगळं, तिथे बिलावर मतदान नसतं.)

मग होतं काय, तर राज्यघटनेचं कलम १९७. विधानसभेने पास केलेलं बिल परिषदेने फेटाळलं किंवा तीन महिने नुसतं ठेवून दिलं, तर विधानसभा ते परत पास करून पाठवते, आणि दुसऱ्यांदाही नाही म्हटलं किंवा एक महिना उलटला की ते दोन्हीकडे पास झालं असंच धरतात आणि थेट राज्यपालांकडे जातं. मनी बिल (कर आणि सरकारी खर्चाचं बिल) तर परिषद फक्त १४ दिवस ठेवू शकते.

म्हणजे परिषद उशीर करू शकते, रोखू शकत नाही. पण उशीरही झोंबतो बरं का. २०२० मध्ये आंध्रात तीन राजधान्यांचं बिल परिषदेत अडकलं तर तेव्हाच्या जगन मोहन रेड्डी सरकारने परिषदच बरखास्त करायचा ठराव विधानसभेत केला, आणि पुढच्या वर्षी मागे घेतला. कारण परिषद काढायची तर कायदा संसदेने करावा लागतो.

उलट बिल आधी परिषदेत मांडलं आणि विधानसभेने फेटाळलं, तर मात्र ते खरंच संपलं.