यूएसएफएल की एक्सएफएल? एनएफएलच्या नादाला लागून बुडालेल्या दोन लीग, पण बुडण्याची कारणं पार वेगळी

ट्रम्पची लीग कुठली, रेसलिंगवाल्या मॅकमहनची कुठली, द रॉकने विकत घेतली ती कुठली आणि कोर्टात जिंकूनही फक्त १ डॉलर मिळाला तो कोणाला, हा घोळ अमेरिकन फुटबॉल बघणाऱ्यांचाही होतो, मग नुसतं सुपर बोलपुरतं (म्हणजे एनएफएल या तिथल्या मुख्य लीगच्या फायनलपुरतं) बघणाऱ्यांचं काय सांगायचं. दोन्ही नावं तीन-चार अक्षरांची, दोन्ही लीग एनएफएलचा सीझन नसताना खेळणाऱ्या, दोन्ही बंद पडल्या, आणि कहर म्हणजे दोन्ही नावं नंतर पुन्हा वापरली गेली. त्यामुळे लोक सरसकट म्हणून टाकतात की उन्हाळ्याच्या तोंडावर फुटबॉल कोणाला बघायचाय, म्हणून बुडाल्या. मला हे अजिबात पटत नाही. यूएसएफएलकडे खेळ होता पण पैशाची शिस्त नव्हती, आणि २००१ च्या एक्सएफएलकडे पैशाची शिस्त बऱ्यापैकी होती पण खेळच नव्हता.

आधी यूएसएफएल, कारण ती जास्त चटका लावते. डेव्हिड डिक्सन नावाचा न्यू ऑर्लिन्सचा माणूस, जुन्या मौल्यवान वस्तूंचा व्यापारी, त्याच्या डोक्यात १९६० च्या दशकापासून ही आयडिया होती की एनएफएल झोपलेली असताना आपण खेळायचं. मे १९८२ मध्ये लीगची घोषणा झाली, मार्च १९८३ मध्ये १२ टीम घेऊन सुरू झाली, एबीसी आणि ईएसपीएन दोघांचं टीव्ही कॉन्ट्रॅक्ट हातात होतं, कमिशनर म्हणून ईएसपीएनचाच माजी प्रेसिडेंट चेट सिमन्स आणला. डिक्सनचा प्लॅन साधा होता, खर्च आवरायचा, पगार मर्यादेत ठेवायचे आणि हळूहळू रुजायचं. हा प्लॅन पहिला चेंडू पडायच्या आधीच मोडला, कारण न्यू जर्सी जनरल्सने जॉर्जियाच्या हर्शल वॉकरला उचललं, तेव्हाचा कॉलेजमधला सगळ्यात मोठा स्टार, ज्याचं कॉलेजचं एक वर्ष अजून शिल्लक होतं आणि एनएफएल त्या काळी अशा पोरांना घेत नव्हती. लीगला पब्लिसिटी तुफान मिळाली पण बाकी मालकांना मेसेज गेला की नियम वगैरे ठीक आहे, ज्याच्या खिशात पैसा तो राजा.

पहिला सीझन चांगला गेला हे लोक विसरतात. मॅचला सरासरी २५ हजारांच्या आसपास पब्लिक यायचं, फायनलमध्ये मिशिगन पँथर्सने फिलाडेल्फिया स्टार्सला २४-२२ असं हरवलं, म्हणजे शेवटपर्यंत मजा. इथे थांबून दोन-तीन वर्षं तेच केलं असतं तर? पण मालकांना नवीन टीमची एन्ट्री फी दिसत होती, रोख पैसा, त्यामुळे दुसऱ्याच वर्षी १२ च्या १८ टीम केल्या. ह्यूस्टन, मेम्फिस, जॅक्सनव्हिल, पिट्सबर्ग, ओक्लाहोमा, सॅन अँटोनिओ. यातल्या काही जागा चांगल्या होत्या, पण सॅन अँटोनिओच्या टीमचे पगाराचे चेक बाउन्स होत होते आणि प्लेअर चेक हातात पडला की आधी बँकेकडे पळायचे. लॉस एंजेलिस एक्सप्रेसचा मालक ओल्डेनबर्ग, त्याने स्टीव्ह यंग या क्वार्टरबॅकला (टीमचं आक्रमण चालवणारा मुख्य प्लेअर) ४ कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट दिलं (बरीचशी रक्कम पुढच्या कित्येक दशकांत विभागून मिळणारी, तरी आकडा आकडाच) आणि थोड्याच दिवसांत हा मालक स्वतःच आर्थिक गाळात गेला, टीम लीगलाच चालवावी लागली. १९८५ मध्ये या टीमची शेवटची होम मॅच एका लहानशा कॉलेजच्या ग्राउंडवर झाली. ४ कोटींचा क्वार्टरबॅक आणि कॉलेजचं ग्राउंड, यूएसएफएल समजायला एवढं पुरे.

आता ट्रम्प. पहिल्या सीझननंतर त्याने जनरल्स विकत घेतली, आणि त्याचं म्हणणं पहिल्यापासून एकच, स्प्रिंग (वसंतातला सीझन) सोडा, एनएफएलच्या समोर ऐन सीझनमध्ये उतरा. मागचा हिशोब असा की १९६० मध्ये सुरू झालेली एएफएल नावाची लीग अशीच एनएफएलला भिडली होती, तिला एनबीसी या टीव्ही नेटवर्कचा पैसा मिळाला आणि १९६६ मध्ये एनएफएलने तिला सामावून घ्यायचं कबूल केलं, म्हणजे त्या मालकांच्या टीमची किंमत एका रात्रीत कुठल्या कुठे गेली. तसंच आपलंही होईल. विरोधात सगळ्यात जास्त आवाज कोणाचा होता तर टॅम्पा बे बँडिट्सचा जॉन बॅसेट, आणि हा माणूस हवेत बोलत नव्हता, १९७४ च्या वर्ल्ड फुटबॉल लीगमध्ये त्याची मेम्फिसची टीम होती, त्याने मायामी डॉल्फिन्सचे तीन मोठे प्लेअर फोडले होते आणि ती लीग दुसऱ्याच वर्षी अर्ध्या सीझनमध्ये बंद पडलेली त्याने स्वतः भोगलेली. लीगने मॅकिन्झी या सल्लागार कंपनीकडून रिपोर्टही करून घेतला, त्यांनीही सांगितलं स्प्रिंगमध्येच राहा. रिपोर्टचे पैसे दिले आणि ऑगस्ट १९८४ मध्ये मतदान करून बरोबर उलटं ठरवलं, १९८६ पासून फॉलमध्ये, म्हणजे एनएफएलच्याच सीझनमध्ये खेळायचं.

आणि खरी मर्तिकाची तारीख हीच, १९८६ चा कोर्टाचा निकाल नाही. कारण फॉलमध्ये जायचं म्हटल्यावर जिथे एनएफएलची टीम आहे त्या शहरात राहणं अवघड, म्हणून फिलाडेल्फिया स्टार्स बाल्टिमोरला गेली, न्यू ऑर्लिन्सची टीम पोर्टलँडला, वॉशिंग्टनची ऑर्लँडोला, पिट्सबर्ग बंद, शिकागो बंद, आणि पहिली चॅम्पियन मिशिगन पँथर्स दोन सीझनमध्येच ओकलँडच्या टीममध्ये विरघळून गेली. ज्या प्रेक्षकांनी दोन वर्षं तिकिटं काढली त्यांनाच वाऱ्यावर सोडलं. १८ वरून १४ टीम झाल्या. वर टीव्हीचा प्रश्न, तिन्ही मोठ्या नेटवर्ककडे एनएफएल होती, मग ते फॉलमध्ये यूएसएफएल कशाला दाखवतील? उलट एबीसीची स्प्रिंगसाठी चार वर्षांची साडेसतरा कोटी डॉलरची ऑफर होती असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. ती सोडून हे कोर्टात गेले.

कोर्टाची गोष्ट सगळ्यांना अर्धीच माहिती असते. केस ऑक्टोबर १९८४ ची, अँटीट्रस्टची, म्हणजे एनएफएल मक्तेदारी करून आम्हाला टीव्हीवर येऊ देत नाही. मागणी ५६.७ कोटी डॉलर, आणि अँटीट्रस्टमध्ये नुकसानभरपाई तिप्पट होते म्हणजे १७० कोटींच्या घरात. २९ जुलै १९८६ ला ज्युरीने सांगितलं की हो, एनएफएलने बेकायदा मक्तेदारी केली आहे. म्हणजे केस जिंकली! मग भरपाई किती, तर १ डॉलर. तिप्पट करून ३. व्याजासकट ३ डॉलर ७६ सेंट. टीव्ही कॉन्ट्रॅक्टचा मुद्दा, जो या सगळ्याचा गाभा होता, तो ज्युरीने मान्यच केला नाही, कारण समोर दिसत होतं की या लीगची वाट मालकांच्या स्वतःच्या निर्णयांनी लावली. नंतर वकिलांची फी म्हणून ५५ लाख डॉलर मात्र एनएफएलला भरावे लागले, म्हणजे वकील सुटले. लीगचं मिळून १६ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालेलं, १९८६ चा सीझन झालाच नाही. बॅसेट निकालाच्या दोनेक महिने आधीच कॅन्सरने गेला.

पण खेळ? स्टीव्ह यंग, जिम केली, रेजी व्हाइट, गॅरी झिमरमन, सॅम मिल्स, हे सगळे यूएसएफएलमधून एनएफएलमध्ये गेले आणि हॉल ऑफ फेममध्ये पोचले. बंद पडलेल्या लीगचं असं रेझ्युमे दुसऱ्या कोणाचं दाखवा.

आता एक्सएफएल, २००१ वाली. इथे सगळं उलटं. विन्स मॅकमहन, तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक (आपल्याकडे ज्यांनी लहानपणी त्याचे कार्ड जमवले त्यांना ओळख करून द्यायची गरज नाही), आणि जोडीला एनबीसी, ज्यांच्याकडचे एनएफएलचे हक्क १९९८ पासून सीबीएसने नेले होते. भागीदारी निम्मी-निम्मी. टीम ८, आणि आठही लीगच्याच मालकीच्या, म्हणजे एखादा हौशी मालक उठून ४ कोटीचं कॉन्ट्रॅक्ट देईल ही सोयच नाही. क्वार्टरबॅकला सीझनचे ५० हजार डॉलर, किकरला ३५ हजार, बाकी सगळ्यांना ४५ हजार, आणि जिंकलात तर वर बोनस. कागदावर बघितलं तर यूएसएफएलच्या सगळ्या चुका इथे टाळल्या होत्या.

पण घोषणा फेब्रुवारी २००० ची आणि पहिली मॅच ३ फेब्रुवारी २००१ ला, सुपर बोल होऊन आठवडाही झाला नव्हता. एका वर्षात आठ टीम उभ्या करायच्या, एनएफएलने नाकारलेले प्लेअर गोळा करायचे आणि महिन्याभराच्या सरावात त्यांना मैदानात सोडायचं, तर काय होणार. पहिल्या रात्री लास वेगासने न्यूयॉर्क/न्यू जर्सी हिटमेनला १९-० हरवलं आणि रेटिंग आलं ९.५, एनबीसीवाले हवेत. लोकांनी बघितलं, आणि बघितल्यामुळेच गेले. दुसऱ्या आठवड्यात रेटिंग निम्म्यावर, त्याच आठवड्यात लॉस एंजेलिसच्या मॅचला जनरेटर बंद पडून प्रक्षेपण गेलं, मग मॅच डबल ओव्हरटाइमला गेली आणि एनबीसीचा लाडका कॉमेडी शो सॅटर्डे नाइट लाइव्ह पाऊण तास उशिरा सुरू झाला, तो पण जेनिफर लोपेझ होस्ट असताना. मार्च संपेपर्यंत रेटिंग १.५.

नाणेफेकीऐवजी दोन प्लेअरनी बॉलकडे धावत झडप घालायची असा नियम होता, पहिल्याच वीकेंडला ऑर्लँडोच्या एकाचा त्यात खांदा निखळला. जर्सीवर आडनावाऐवजी काहीही लिहा, तर लास वेगासच्या रॉड स्मार्टने «ही हेट मी» लिहिलं आणि लीगची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट म्हणजे ती पाटी ठरली, यातच काय ते आलं. कॉमेंट्रीला जेसी व्हेंचुरा, जो तेव्हा मिनेसोटाच्या गव्हर्नर पदावर होता. रेसलिंगच्या चाहत्यांना हे पुरेसं रेसलिंग वाटेना आणि फुटबॉलच्या चाहत्यांना पुरेसं फुटबॉल, शिवाय बऱ्याच जणांना निकाल आधीच ठरलेत असा संशय, जो खोटा होता, लास वेगासमध्ये या मॅचवर रीतसर बेटिंग चालायचं. फायनलमध्ये लॉस एंजेलिस एक्स्ट्रीमने सॅन फ्रान्सिस्कोला ३८-६ धुतलं. एनबीसी बाजूला झाली, मग यूपीएन चॅनलने पुढचं दाखवायचं तर मॅकमहनच्याच रेसलिंग शोचा, स्मॅकडाउनचा, वेळ कमी करा म्हणून अट घातली, आणि १० मे २००१ ला मॅकमहनने विषय संपवला. दोन्ही भागीदारांचं प्रत्येकी साडेतीन कोटी डॉलर नुकसान. एकच सीझन.

आता गंमत बघा, स्टेडियममध्ये एक्सएफएललाही सरासरी २३ हजारांच्या आसपास लोक येत होते, म्हणजे यूएसएफएलच्या पहिल्या सीझनपेक्षा फार कमी नाही. म्हणून मी म्हणतो की स्प्रिंगमध्ये कोणी येत नाही हे कारण दोन्हीकडे चालत नाही. आणि एक्सएफएलकडूनही थोडंफार राहिलंच, एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम प्लेअर) टॉमी मॅडॉक्स पुढच्याच वर्षी एनएफएलमध्ये पिट्सबर्गकडून कमबॅक प्लेअर ठरला, आणि मैदानावर तारेवरून फिरणारा कॅमेरा लोकांच्या डोळ्यांना इथेच सवयीचा झाला.

नंतरचे अवतार. मॅकमहनने २०२० मध्ये एक्सएफएल पुन्हा काढली, ऑलिव्हर लक कमिशनर, नाटकबाजी बंद, दोन वर्षं तयारी, आणि खेळ खरोखर बरा होता. पाच आठवडे झाले आणि कोविड आला, एप्रिलमध्ये दिवाळखोरी. ही बिचारी ना खेळाने बुडाली ना पैशाच्या उधळपट्टीने, त्यामुळे हिला २००१ वालीच्या खात्यात घालू नका. तिचा किकऑफचा नियम थोडाफार बदलून एनएफएलने २०२४ मध्ये घेतला. द रॉक, त्याची बिझनेस पार्टनर डॅनी गार्सिया आणि रेडबर्ड कंपनीने मिळून ती दीड कोटी डॉलरला उचलली आणि २०२३ मध्ये चालवली.

यूएसएफएल हे नाव २०२२ मध्ये फॉक्सने परत आणलं, पण जुन्या लीगशी संबंध टीमच्या नावांपुरताच, पहिल्या वर्षी तर सगळी रेग्युलर सीझन एकट्या बर्मिंगहॅममध्ये खेळवली, न्यू जर्सीची टीम पण तिथेच आणि फिलाडेल्फियाची पण तिथेच. खर्च वाचतो हे खरं, पण ज्या गावाची टीम त्या गावाने कधी बघायची? (पुणे मराठाज हे नाव आठवतंय कोणाला? एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाची टीम, नाव पुण्याचं आणि २०१२ मधल्या मॅचेस श्रीलंकेत.)

मग २०२३ च्या शेवटी या दोन्ही नव्या लीग एकत्र आल्या आणि मार्च २०२४ पासून यूएफएल म्हणून खेळतायत. पहिल्या वर्षी बर्मिंगहॅम स्टॅलियन्सने फायनल २५-० जिंकली, २०२५ ला डीसी डिफेंडर्स. त्यामुळे ज्या दोघींमध्ये लोक गोंधळतात त्या आता एकच झाल्या, पण नाव शोधताना सांभाळा, २००९ ते २०१२ मध्ये पण एक यूएफएल होऊन गेली, तिचा हिचा काही संबंध नाही, आणि हो, ती पण बुडालीच.